भोग न लावलेलं अन्न

बाळांनो, अशी कल्पना करा की तुम्ही आठ वर्षांचे आहात आणि तुम्हाला भूक लागली आहे. शाळा सुटल्यावर लागते ती भूक नव्हे. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही गेलेलं नाही, ती. तुमचं घर पुसद गावाच्या कडेला, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनाच्या मागे आहे. घर म्हणजे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा कूड, वर गवत आणि वाकून शिरायचं दार. जिनातून उडणारा कापसाचा भुगा तुमच्या केसांत, पापण्यांवर येऊन बसतो. आज मंगळवार आहे. तुम्ही नाक वर करून वास घेता. निखाऱ्यावर तूप पडलं की जो वास येतो ना, तो! तो आला रे आला की तुम्ही जर्मनची ताटली उचलता आणि पळत सुटता.

पळताना तुमच्या पुढे एक मुलगी दिसते. ती नेहमीच पुढे असते. तिचं नाव पंचफुला. गोष्ट तिची आहे, पण आपण ती धुरपताबाईच्या बाजूनं ऐकू. कारण चूक धुरपताबाईची होती, आणि ज्याची चूक त्याच्याच शेजारी बसून गोष्ट ऐकावी म्हणजे ती नीट कळते.

धुरपताबाई बंजारा समाजाची. साठी ओलांडलेली, विधवा. तिची मुलं तांड्यावर शेती करत. नातू पुसदच्या शाळेत शिकायला आला, त्याला भाकरी करून घालायला म्हणून ती गावात येऊन राहिली होती. तांड्यावर तिला दिवस पुरत नसे आणि इथे तो संपत नसे. एकदा बाजारातून येताना जिनामागच्या वस्तीत तिनं पाहिलं, की कुणाच्या तरी लग्नातल्या उष्ट्या पत्रावळी दोन पोरं चाटत बसली आहेत. त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही. तिनं शेजारच्या जमनाबाईला सांगितलं. जमनाबाईनं आपल्या थोरल्या भावाला, अमरसिंगला सांगितलं. तिघंही बंजाऱ्यांच्या संत सेवाभायाचे भक्त, तिघांचीही घरची कामं सरलेली. दर मंगळवारी एक पातेलं ज्वारीच्या कण्या, एक पातेलं तुरीचं वरण घेऊन ही तीन म्हातारी माणसं वस्तीत येऊ लागली. धान्य धुरपताबाईच्या मुलांच्या शेतातलं, सरपण जमनाबाईचं. अमरसिंगचं काय? अमरसिंगची शिस्त.

"रांगीनं बसा रे! आधी देवाचं, मंग तुमचं," तो काठी आपटून म्हणायचा.

आणि खरंच आधी देवाचं असायचं. बंजाऱ्यांत देवाला भोग लावायची रीत आहे. गोवऱ्यांचे निखारे मांडायचे, त्यावर तूप-गुळाचा चुरमा सोडायचा, ज्वाळ उठली की सगळ्यांनी हात जोडून उभं राहायचं. अमरसिंग मोठ्या आवाजात अरदास म्हणायचा, म्हणजे सगळ्यांच्या भल्यासाठी देवाकडे मागणं मागायचा. ते झालं की मग पातेल्यावरचं फडकं निघायचं. धुरपताबाईनं जन्मात भोग न लावलेलं अन्न कुणाला वाढलं नव्हतं. मंगळवारी तर ती स्वतःही त्याआधी दाणा तोंडात टाकत नसे.

वस्तीत सगळ्या जातींची माणसं होती. कुणी जिनात हमाली करे, कुणी शेण गोळा करे. "आमी कोनाची जात नाई पुसत," असं धुरपताबाई बाजारात भेटेल त्याला सांगायची. सांगताना तिचा चेहरा उजळायचा. त्यात खोटं काहीच नव्हतं. ती खरंच कधी पुसत नसे.

जेवणं झाली की ती लगेच उठायची नाही. पोरींना गोळा करून कशिदा शिकवायची. जुन्या कापडाचा तुकडा, रंगीत दोरा आणि एक सुई. बंजारा बायकांच्या घागऱ्यावर भिंगं बसवलेली असतात ना, ती बसवायचा टाका अवघड असतो. बाकीच्या पोरींच्या हातातून भिंग निसटायचं, मातीत जायचं. पंचफुलेचं नाही जायचं.

"काय वो याडी," पंचफुला विचारायची. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात, आणि वस्तीतल्या सगळ्या पोरांनी तो शब्द उचलला होता. "हे भिंग घागऱ्याले कायले लावता? पाठीमागं कोन येते ते पाह्यले?"

"हो ना! चोट्टी पोरगी पाठीमागून चुरमा चोरते का, ते दिसते त्याच्यात."

"मंग तुमाले मी दिसली नाई आतापावेतो!"

धुरपताबाईला मुलगी नव्हती. झाली होती एक, पण ती राहिली नाही. पंचफुला असं काही बोलली की धुरपताबाई तिच्या पाठीत हलकेच चापट मारायची आणि दुसरीकडे पाहायची.

असं दोन वर्षं चाललं. मग छप्पन सालचा दसरा आला. पंचफुलेचा बाप बळीराम जिनात हमाल होता. तो बायकोला, कौसल्येला, आणि पोरीला घेऊन नागपूरला गेला. लाखो माणसं तिथे जमली होती. तिघं बौद्ध होऊन परत आले. आल्यावर बळीरामनं घरातले जुने देव एका फडक्यात बांधले आणि पूस नदीत सोडून दिले. यापुढे त्या देवांना पुजायचं नाही, त्यांच्यापुढे हात जोडायचे नाहीत, अशी शपथ घेऊन तो आला होता. पंचफुलेला हे सगळं समजलं का? आठ वर्षांच्या पोरीला समजतं त्यापेक्षा जास्त समजलं. आपल्या बापाची मान वर झाली आहे, एवढं तिनं पाहिलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

मंगळवारी ती येतच राहिली. फक्त अरदासच्या वेळी आता ती पुढे नसायची. सगळ्यांच्या मागे, कुडाला टेकून उभी राहायची आणि दोन्ही हात पाठीशी धरायची. ती गप्प उभी असायची, कुणाची खोड काढायची नाही. धुरपताबाईनं हे पाहिलं नाही. ज्वाळेकडे पाहणाऱ्याला मागचं दिसत नाही.

उन्हाळा लागला. कापूस संपला, जिन बंद झालं. वस्तीतल्या पुरुषांना काम उरलं नाही आणि मंगळवारची रांग वाढली. अशाच एका मंगळवारी अमरसिंगनं अरदास अर्धीच थांबवली.

"ए पोट्टे! हात काहून बांधले मागं?"

सगळ्या माना मागे वळल्या. पंचफुलेनं हात तसेच पाठीशी ठेवले.

"तुलेच इचारून राह्यलो. हात जोड."

"आमाले नाई जोडता येत, बाबा," पंचफुला म्हणाली. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. "आमी आता बुद्धाचे झालो. बाबानं शपथ घेतली, मीबी घेतली."

"वाऽ! देवाले हात नाई जोडत, अन देवाचं खायले ताटली घेऊन येते! काय न्याय हाय!"

रांगेत कुणीतरी हसलं. धुरपताबाईला ते हसणं लागलं. पोरीची फजिती होते आहे, हे मिटवायला हवं, असं तिला वाटलं. तिच्या मनात एवढंच होतं. पण मिटवायचं कसं? तिला एकच रीत ठाऊक होती, हट्टी नातवाची समजूत काढायची. ती हसत उठली आणि पंचफुलेच्या मागे जाऊन उभी राहिली. "कायची शपथ अन कायचं काय! लेकरू हाय ते. हे पाय, असे जोडाचे!" असं म्हणून तिनं पोरीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, पुढे आणले आणि जोडले. बाहुलीचे जोडावेत तसे.

"झालं! म्हना आता अरदास."

आता मात्र सगळी रांग हसली. जमनाबाईसुद्धा हसली. धुरपताबाईला वाटलं, चला, गोडीनं झालं. पण तिच्या पंज्यात धरलेले ते हात लाकडासारखे ताठ झाले होते. अरदास संपेपर्यंत पंचफुलेनं ते सोडवले नाहीत. नंतर रांगेत ती आली, तिच्या ताटलीत कण्या पडल्या, वरण पडलं. तिनं ती भरली ताटली खाली ठेवली, मातीवर, निखाऱ्यांच्या बाजूला. आणि निघून गेली.

"पाह्यला माज?" अमरसिंग म्हणाला.

पुढच्या मंगळवारी पंचफुला आली नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. कशिद्याला बसलेल्या पोरींना धुरपताबाईनं विचारलं, तेव्हा एकीनं सांगितलं, "तिची माय बायंतीन झाली. ताप उतरतच नाई तिचा. पंचफुलाच करते घरचं सारं. बाबाले तं काम नाई."

"मंग खाते काय?"

पोरगी सुईत दोरा ओवू लागली. त्या वस्तीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे.

त्या दिवशी घरी आल्यावर धुरपताबाई ओट्यावर बसून राहिली. आपल्या हातांकडे तिनं कितीतरी वेळ पाहिलं. हे हात तिला दुसऱ्याच कुणाचे वाटू लागले. पोर काही मागत नव्हती, काही मोडत नव्हती. कोपऱ्यात गप्प उभी होती. आपण उठलो आणि तिची शपथ मोडली. वर हसलो! आणि आता बाळंतिणीच्या तोंडात घास नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चूल पेटवली. जमनाबाई आली, अमरसिंगही मागोमाग आला.

"आज तं बुधवार हाय वो," जमनाबाई म्हणाली.

"बळीरामाच्या घरी नेतो. बायंतीन हाय." धुरपताबाई डिंक-गूळ घालून रवा भाजत होती. दुसऱ्या चुलीवर मऊ भात होता.

"बरं करतं," अमरसिंग म्हणाला. "निखारे मांडू का? भोग लावून घेऊ."

"नोको, भिया. आज भोग नाई लावाचा."

अमरसिंग काठीवर दोन्ही हात ठेवून उभाच राहिला. "म्हंजे?"

"ते भोगाचं खात नाई. म्हनून भोगाबिगर नेतो."

"भोगाबिगर अन्न कोनाले वाढते माहीत हाय ना? ढोराले! जन्मभर देवाचं केलं अन आता म्हातारपनी त्याले उपाशी ठेवतं? एका पोट्टीपाई?"

"देवाले मी समजावीन," धुरपताबाई म्हणाली. "तो म्हातारा हाय, माह्यापेक्षा जास्त समजते त्याले. पोरीले कोन समजावीन?"

"तू जाय. मी तुह्यासंगं यत नाई."

"नोको येऊ. तू आला तं तुही काठी आधी बोलते."

जमनाबाईला हसू आलं आणि तिनं पदर तोंडावर धरला. अमरसिंग रागानं निघून गेला. धुरपताबाई बोलली खरी, पण भात उतरवल्यावर ती चुलीपुढून हलली नाही. चुलीतला निखारा समोर होता, तुपाची वाटी हाताशी होती. एक थेंब टाकला असता तरी कुणाला कळलं नसतं. तिनं वाटी फळीवर ठेवून दिली. मनातल्या मनात सेवाभायाला म्हणाली, बापू, आज रुसू नको. आणि डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पातेलं घेऊन निघाली.

दुपार झाली होती. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. बाजार ओलांडून, बंद जिनाच्या भिंतीच्या कडेनं ती चालत राहिली. वाटभर ती एकच गोष्ट घोकत होती: काय म्हणायचं. बळीराम विचारील, हे देवाचं आहे का? मग म्हणायचं, नाही. तो म्हणेल, तुम्ही पोरीला हसलात. मग म्हणायचं, हो, चुकलं. एवढी तयारी तिनं केली होती. पोचेपर्यंत तिचे ओठ वाळून पांढरे पडले होते.

बळीराम दारातच बसला होता. तिला पाहून तो उठला. "जय भीम, बाई. या."

आजवर त्याच्या दारापर्यंत ती कधी आली नव्हती. वाढणं व्हायचं ते वस्तीच्या मोकळ्या जागेत.

"पातेलं घेऊन आली," ती म्हणाली. "भोग नाई लावला याले. गळ्याची शपथ घेऊन सांगतो, निखाऱ्याजवळ नेलंबी नाई. बायंतिनीसाठी हाय." आणि मग, ठरवलं होतं तसं नाही, घाईघाईनं, "त्या दिवशी माह्यं चुकलं, बळीराम. तुह्या पोरीचे हात मी जोडाले नोको होते."

बळीरामनं तिच्याकडे पाहिलं. तो तिशीतला होता, हाडकुळा, खांद्यावर कापसाच्या गाठी वाहून वाहून एक खांदा खाली झालेला. मग तो हसला. मनापासून हसला.

"मले वाटलं, तुमी भांडाले आल्या! उतरवा, उतरवा ते डोक्यावरचं. तुमच्या देवाशी आमचं भांडन नाई, बाई. आमचे हात आमाले सोडा, बस." त्यानंच पुढे होऊन पातेलं उतरवून घेतलं. "कौसल्या, पाय कोन आलं! पंचफुले, याडी आली तुही!"

आत अंधार होता. कौसल्या गोधडीवर पडली होती, कुशीत एवढंसं बाळ. कुडाला बाबासाहेबांची तसबीर अडकवलेली. पंचफुला कोपऱ्यात चुलीपाशी उकिडवी बसली होती. आधी तिनं वर पाहिलं नाही. मग पाहिलं. मग हळूहळू तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"याडी, घामेजल्या तुमी," ती म्हणाली.

"मंग काय! तू येत नाई, मले यावं लागते."

धुरपताबाईला वाटलं, फिटलं. छातीवरचं ओझं उतरलं असं तिला वाटलं. ती दारातल्या दगडावर टेकली. पंचफुला उठली, कोपऱ्यातल्या मडक्यावरचं झाकण काढलं, पितळेचा लोटा भरला. तो लोटा तिनं राखेनं घासलेला होता, लखलखत होता. दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत ती आली आणि लोटा धुरपताबाईपुढे धरला.

"घ्या याडी. पानी."

आता इथे थोडं थांबा, बाळांनो. त्या काळी काही घरांतलं पाणी काही घरं पीत नसत. बळीरामच्या आई-बापांना, आजा-पणजांना गावानं महार म्हटलं होतं, आणि त्यांच्या हातचं पाणी गावातलं कुणी घेत नसे. बंजारेही घेत नसत. धुरपताबाईच्या आईनं घेतलं नव्हतं, आजीनं घेतलं नव्हतं. बळीरामच्या माणसांना गावात कुणाला काही द्यायचं झालं, तर ते जमिनीवर ठेवून मागे सरावं लागे. धुरपताबाई दर मंगळवारी त्या वस्तीत आली, पण पाण्याची गोष्ट कधी निघालीच नाही, कारण ती द्यायला यायची. घ्यायची वेळच आली नाही. भोगाबद्दल तिनं वाटभर विचार केला होता. पाण्याबद्दल केला नव्हता.

म्हणून जे तोंडात आलं, ते विचाराच्या आधी आलं.

"नोको, बाई. मले तहान नाई."

बोलल्याबरोबर तिला कळलं. तिचे ओठ वाळलेले होते, ओढणी घामानं पाठीला चिकटली होती, आणि पंचफुला हे सगळं अगदी जवळून पाहत होती.

लोटा तसाच हवेत राहिला. बळीरामचा चेहरा बदलला नाही, फक्त त्यावरचं हसू विझलं.

आतून कौसल्येचा आवाज आला. तापानं खोल गेलेला, अजीजीचा. "बाई, पानी आताच भरलं. लोटा घासलेला हाय वो."

त्या एका वाक्यानं धुरपताबाईच्या काळजात जे झालं, ते पुढे तिला कुणाला सांगता आलं नाही. आजारी बाई, बाळंतीण, आपल्याच घरी आपल्या लोट्याची ग्वाही देते आहे! आणि कुणापुढे? जिनं बाजारात सांगितलं होतं, की मी जात पुसत नाही.

"राहू दे, कौसल्या," बळीराम शांतपणे म्हणाला. "ज्याच्या त्याच्या मनाचं हाय. बाई, अन्न मी ठेवून घेतो, माह्यी बायको उपाशी हाय. नाई म्हनाची मले आज ताकद नाई. पन उद्यापासून आनू नोका."

"तसं नाई, बळीराम," धुरपताबाई म्हणाली. "मी... तोंडातून गेलं ते."

"तोंडातून तेच जाते, बाई, जे आत असते."

तो रागावून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो पातेलं घेऊन आत गेला, बायकोजवळ बसला आणि भात कालवू लागला. दारात दोघीच राहिल्या. धुरपताबाईनं या पोरीला सुई धरायला शिकवली होती, टाका घालायला, गाठ मारायला. पोर एकदा दाखवलं की शिकायची. दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

  धुरपताबाईनं आपला हात पुढे केला, ओंजळ नव्हे, लोटा धरायला करतात तसा.

"आन, माय," ती म्हणाली. "आन तो लोटा. मले तहान लागली."

पंचफुलेनं तिच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खाली वाकली, भरलेला लोटा दगडाजवळ जमिनीवर ठेवला, आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.